मामंजींच्या मनगटावरची माशी

इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ उठला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मला बघायला वळसंगची मंडळी येणार होती, म्हणून आत्यानं आदल्या दिवशी तालीम घेतली. मान खाली, हलायचं नाही, विचारलं तरच बोलायचं. झाडावर काडीसारखा दिसणारा किडा बसतो ना, अगदी तसं. तो बिचारा पाखरानं गिळू नये म्हणून तसा बसतो. मला तर कुणीतरी गिळावं म्हणूनच बसवत होते!

माझा जीव मात्र सातवीच्या फायनलच्या परीक्षेत अडकला होता. पास झाले तर मुलींच्या शाळेत मास्तरीण होता आलं असतं. वडील गिरणीत कारकून. म्हणाले, "आता सासरचे म्हणतील तसं." वा! म्हणजे माझ्या डोक्याचा मालक अजून ठरायचा होता.

होणारे मामंजी आले ते गर्जतच. पिवळाधमक फेटा, काळा कोट, मिशांना पीळ. "च्या गार हाय! सतरंजी हितं का टाकली?" शेजारी सासूबाई, भिंतीला चिकटून, श्वासही विचारून घेतल्यासारख्या. नवरामुलगाही आला होता म्हणे. मला दिसला नाही, मान खाली होती ना.

तेवढ्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक माशी मामंजींच्या घामेजल्या मनगटावर बसली. "गांधीलमाशी! आगं आई गं! काढा की कुनीतरी!" वाघाची शेळी झाली. हात मात्र लाकडासारखा ताठ. मी उठले आणि माशी चिमटीत धरली. शाळेत बाईंनी झेंडूवर दाखवली होती. ही साधी माशी, हिला नांगीच नसते. गांधीलमाशीचे कपडे घालून हिंडते, म्हणून पाखरं हिच्या वाटेला जात नाहीत. आत्यानं कपाळाला हात लावला. तालीम गेली चुलीत!

सासूबाईंनी तेवढं एकच विचारलं, तेही हळूच. "चावत न्हाय व्हय ती?"

"नाही. नुसता रंग."

लग्न मोडलं म्हणून मी मनातून खूश. कसलं काय! होकार आला. विंचूकाट्याचं रान, धीट सून कामाला येईल, असा त्यांचा हिशेब.

लग्न होऊन मी वळसंगला आले आणि पुढं परीक्षेचे दिवस आले. मी मामंजींना सांगितलं, सोलापूरला परीक्षेला जाणार. झालं! "आमच्या घरात सुना शिकत न्हाईत! तंगडं मोडून ठेवीन!" गोठ्यातले बैल बुजले. मीही भ्यालेच होते, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं ते ताठ मनगट आठवलं आणि मी जागची हलले नाही. "मी जाणार," म्हटलं. ते पुन्हा ओरडले. मी उभीच. मग ते खाकरले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "गाडी जुपाया सांगतो. एकटीनं जायचं न्हाय, सांगून ठेवतो." जणू हुकूम त्यांचाच!

मी जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. तव्यावरची भाकरी करपत होती आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"काय झालं, सासूबाई?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माझी आई गेली, तवा जाऊ का म्हणून मी इचारलंसुदिक न्हाय गं. भ्याले. आन् ह्यांचाबी नुसता रंग व्हय!"