पाचोळ्यातली फट

लाजरी बघायला लोक लांबून यायचे आणि दिसली नाही की वाटाड्याच्या नावाने बोटं मोडायचे. पक्षी तसा कोंबडीएवढा, उडण्यापेक्षा चालण्यावर भिस्त ठेवणारा, रंगाने हुबेहूब वाळलेलं पान. उन्हाळ्यात जंगलभर पाचोळा. पायाखाली एक पान चुरलं, की लाजरी गेलीच म्हणून समजा.

हा वाटाड्या मात्र ती हमखास दाखवायचा. संध्याकाळी खराट्याने पायवाट झाडायची, म्हणजे पाहुण्यांच्या पावलांचा आवाज होत नाही. झाडलेल्या पाचोळ्याचा वीतभर बांध वाटेच्या कडेने घालायचा. पाण्यावर निघालेली लाजरी बांध ओलांडत नाही, कडेकडेने चालत फट शोधते. फट एकच, चार-आठ दिवस तीच ठेवायची आणि सकाळी समोर गप्प बसायचं. युक्ती त्याच्या बाबांची. फरक एवढाच, की बाबा फटीत फास लावायचे.

मुलाने तो धंदा सोडून जंगलखात्याचा बिल्ला मिळवला, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझ्या वाटेवर एक जरी फास सापडला, तर बिल्ला काढून घेईन." त्यात यंदा त्या भागात लाजरीची एकच जोडी उरलेली. ती गेली की बिल्ला असून नसून सारखाच.

बाबा आता खाटेला लागल्यासारखेच होते. दुपारी काय जेवलो हेही आठवत नसे. पण लाजरीचा विषय काढला की चेहरा खुलायचा. म्हणून हा रोज संध्याकाळी उशाशी बसून सगळं सांगायचा: फट कुठे ठेवली, नर कुठून आला, मादी किती मागे होती. बापाला तेवढंच सुख, दुसरं काय!

त्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, माझ्या कंगव्यातले केस मामंजी गोळा करतात. काल सबंध पुंजका खिशात कोंबला."

"म्हातारपण आहे गं. घेऊ दे की."

"आणि त्यांच्या चपलांना माती कसली? दुपारी माझा डोळा लागला की ते जातात कुठे?"

"अंगणात फिरत असतील," तो म्हणाला आणि हसला. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

सकाळी चार पाहुणे होते. एरवी कलकलाट करणारी पाखरं त्या दिवशी गप्प होती. बऱ्याच वेळाने बांधाच्या पलीकडे एक पान उलटलं, मग दुसरं. नर पुढे, मादी मागे. पाहुण्यांनी श्वास रोखले. नर फटीपासून दोन हातांवर आला आणि तेवढ्यात कोवळं ऊन फटीत उतरलं. आदल्या संध्याकाळी झाडताना अंधुकात न दिसलेलं काहीतरी काळं, बारीक, गोल तिथे चमकलं. तीन पदरी पीळ आणि डावीकडे बसवलेली गाठ. तशी गाठ मारणारा जगात एकच माणूस होता.

वीस वर्षं त्या जंगलात वाटाड्याने खोकलाही दाबला होता. आता तो उठून जिवाच्या आकांताने ओरडला. जोडी फडफडत झुडपात घुसली.

"डोकं फिरलंय का तुमचं?" एक पाहुणी चिडून म्हणाली.

"साप होता, बाई," तो म्हणाला आणि फटीशी वाकून फास मुठीत लपवला. बायकोचे केस त्याला लगेच ओळखू आले.

घरी बाबा खाटेवर बसून वाटच बघत होते. "मिळाली का रे?"

त्याने मूठ उघडली. "बाबा, हा तुम्ही लावला?"

"मग कोण लावणार? तुला गाठ कधी जमलीय?"

"पण एकच ना?"

बाबांना तो अपमान वाटला. "एका फासावर कोणी शिकार करतं का, वेड्या?" म्हणत ते बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन. मग चौथं, पाचवं. पाचव्या बोटावर ते थांबले.

"कुठे कुठे लावलेत, बाबा? आठवा ना!" त्याने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नजर अगदी मायेची होती.

"तू कुणाचा रे, बाळ?" त्यांनी विचारलं.