चाकाखालचं लाकूड

ज्या दुपारी उस्तादांचा उजवा हात गेला, त्या दुपारी ट्रकच्या स्टिअरिंगवर मी बसलो होतो.

यवतमाळच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींत ही गोष्ट वेगळी सांगतात. उस्ताद उतारावर गाडी उभी करून चाकाला लाकूड लावायला विसरले, गाडी आपोआप मागं सरली आणि हात चेचला, असं सगळ्यांना ठाऊक आहे. मीही तेच सांगत आलो. ते खरं नाही.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी बोरी अरबजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. तीन वर्षं उस्तादांच्या गाडीवर क्लीनर होतो. त्या काळी जड गाडीचं लायसन काढायचं तर दुसरी शाळा नव्हती. उस्तादाची गाडी धुवायची, चाकं खोलायची, हँडल मारून इंजिन चालू करायचं, आणि त्याच्या मर्जीनं रिकाम्या रस्त्यावर थोडं थोडं शिकायचं.

उस्ताद बंजारा होते, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचे. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख चालत. उस्ताद ते अभिमानानं सांगत. "माया आजा शंभर बैलं हाकत होता. एकही बैल कोनाच्या अंगावर नाही गेला. अन् तुले एक गाडी नाही आवरत!"

खरंच आवरत नव्हती. ती लांब नाकाची, लाकडी बॉडीची जुनी गाडी होती. क्लीनर म्हणून मी तिचा एकेक नट ओळखत होतो, पण स्टिअरिंगमागं बसलो की ती अनोळखी व्हायची. लहानपणापासून मी बैलगाडी हाकलेली. बैलगाडीत पायांना काम नसतं. थांबायचं तर कासरा ओढायचा आणि तोंडानं "हो, हो" म्हणायचं, बैल थांबतात. ती सवय माझ्या हाडात होती. घाबरलो की मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचो, आणि पाय जिथं असेल तिथंच दाबून धरायचो.

पहिल्यांदा हे लोहाऱ्याच्या रस्त्यावर झालं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. गाडी मागं घसरू लागली तसा मी ओढू लागलो. उस्तादांनी शेजारून हँडब्रेक खेचला, आणि मग हसत सुटले.

"अबे, कासरा व्हय का हा? पाय कुठी हाये तुया?"

"मालूम नाही, उस्ताद."

"पाय मालूम नाही, अन् लायसन पायजे पाटलाले!"

मला हसू आलं नाही. मी स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं. ते पाहून त्यांनी बिडी पेटवली. "भेव राहू दे," ते म्हणाले. "भेव चांगलं. पन डोक्यात राहू दे. पायात उतरू देऊ नको."

पुढं मी बरंचसं शिकलो. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायचा, तो डबल क्लच जमू लागला, चढावर गाडी उचलता येऊ लागली. एक मात्र काही केल्या जमेना, ते म्हणजे रिव्हर्स. मागचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याकडे एवढं लोखंड लोटायचं. परीक्षा घेणारे साहेब ठरल्या तारखेला यवतमाळला येत आणि रिव्हर्स हमखास घ्यायला लावत. त्यात मी एकदा नापास झालोच होतो. घरी वडील म्हणाले होते, "झालं ना समाधान? ये आता, बैल वाट पाहून राह्यले." दुसऱ्यांदा नापास होऊन घरी जायचं, या विचारानं मला भाकर जात नव्हती.

आमच्यात मागं घेण्याची एक रीत होती. मागं उभा असलेला माणूस गाडीच्या मागच्या लाकडी झडपेवर, म्हणजे फाळक्यावर, हलक्या थापा देत राहायचा. थापा चालू आहेत तोवर या. एकच जोराची थाप पडली की थांबा. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, थाप मात्र लाकडातून पाठीला कळायची.

दुसऱ्या परीक्षेला चार दिवस होते. जिनिंगच्या आवारात दगडी ओट्यावर कापूस उतरवून गाडी रिकामी झाली होती. हमाल पलीकडच्या लिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसले होते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर असताना लायसनवाल्यानं शेजारी बसायचं, असा नियम. पण त्या दिवशी उस्ताद म्हणाले, "मी मागून थाप देतो. ओट्यापासून हातभर ठेवून थांबव. साहेबाले दाखवाचं तसं."

आवाराला ओट्याकडे किंचित उतार होता. उस्तादांनी बाभळीचा तिकोनी ठोकळा उचलला, आम्ही त्याला नुसतं लाकूड म्हणायचो. उजव्या मागच्या चाकाच्या वाटेवर, ओट्याच्या अलीकडे तो मांडला. मी बाजूच्या आरशात पाहिलं. मांडून झाल्यावर त्यांनी तो पायानं दाबूनही पाहिला. ही गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. लाकूड लावलेलं होतं.

थापा सुरू झाल्या. मी येत गेलो. गाडी सरळ येत होती. मग एकच जोराची थाप पडली.

थांब म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळलं, आणि त्याच क्षणी मी घाबरलो. स्टिअरिंग छातीकडे ओढलं. तोंडातून "हो, हो" निघालं. पाय ॲक्सिलेटरवर होता, तो तिथंच दाबला गेला. गाडीनं लाकडावर उडी घेतली. मागून आणखी एक आवाज आला. मला वाटलं दुसरी थाप आहे, म्हणून मी आणखी जोरात ओढलं.

ती थाप नव्हती. तोल सावरायला त्यांनी ओट्याच्या दगडावर हात टेकला होता, आणि फाळका त्यावर येऊन बसला होता. इंजिन बंद पडलं तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते ओरडत नव्हते. "पुढं घे," म्हणाले. "हळू."

उतरून हँडल मारलं. वर चढून पहिला गिअर टाकला. त्या दिवशी क्लच असा सुटला की गाडीला एक हिसकाही बसला नाही. तसा तो माझ्याकडून पूर्वी कधीच सुटला नव्हता.

मी धावत मागं गेलो. उस्ताद ओट्याला टेकून बसले होते. धोतराचा सोगा त्यांनी हाताभोवती गुंडाळला होता आणि तो भिजत चालला होता. हमालांना काहीतरी कळलं होतं, ते उठून येत होते.

"लाकूड उचल," उस्ताद म्हणाले.

मला समजेना.

"अबे, लाकूड उचल अन् कॅबिनमंदी टाक. गाडी उभी होती. मी लावाले इसरलो. तू हँडल मारून गाडी पुढं घेतली, बस."

"उस्ताद, मी..."

"खरं सांगितलं तं मायं लायसन जाईन, अन् तुले भेटनार नाही. माया हात तं गेलाच. स्टेरिंगची आन घे. जवरी तुया हात स्टेरिंगवर हाये, तवरी बोलू नको."

मी लाकूड उचललं. त्याची एक कड टायरखाली फुटली होती. हमाल पोचायच्या आत मी ते सीटखाली सारलं.

दवाखान्यात तीन बोटं आणि निम्मा तळवा काढावा लागला. गाडीचे मालक आले. बाकीचे ड्रायव्हरही जमले होते. मालकांनी विचारलं, "लाकूड नव्हतं लावलं?"

"इसरलो," उस्ताद म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागं एक ड्रायव्हर दुसऱ्याला हळूच म्हणाला, "एवढा मोठा उस्ताद, अन् लाकूड इसरला!"

चार दिवस मी खाकी कपडा दिसला की भिंतीआड व्हायचो. कुणीतरी ते फुटकं लाकूड पाहील, कुणीतरी कॅबिनमध्ये मला बसलेलं पाहिलं असेल. कुणी काही बोललं नाही. परीक्षेला साहेबांनी रिव्हर्स घ्यायला लावला. मागं थाप देणारं कुणी नव्हतं. पाय ब्रेकवर ठेवून मी इंचाइंचानं आलो आणि पास झालो. पुढच्या महिन्यात मालकांनी तीच गाडी माझ्या हाती दिली. लाकूडही तेच, फुटक्या कडेचं. गाडी विकली जाईपर्यंत रोज तेच चाकाला लावत होतो.

उस्ताद तांड्यावर परतले. दोनदा भेटायला गेलो. मळ्याच्या बांधावर बसून ते डाव्या हातानं बिडी ओढत. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांनी स्वतःला वाचवायलाच खोटं सांगितलं, नियम त्यांनीही मोडला होता, अशी मी पुष्कळ वर्षं मनाची समजूत घातली. त्यात थोडं तथ्य आहे. पण नाव त्यांचं गेलं, माझं नाही.

याहून वाईट सांगायचं राहिलं आहे. पुढं मीच उस्ताद झालो. पोरांना शिकवताना म्हणायचो, "लाकूड लाव, नाहीतर त्या तांड्यावरच्या उस्तादासारखं होईन." ओठांवर ते सहज बसलं होतं. एकदा असं बोलल्यावर एक शिकाऊ पोरगा खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "ते माये आजे." मी त्या दिवसापासून ते वाक्य टाकलं, पण खरं सांगितलं नाही. शपथ आहे, असं स्वतःला सांगितलं.

आता डोळे अधू झाले. लायसन संपलं, नवं काढलं नाही. हात स्टिअरिंगवरून उठला, शपथ आडवी येण्यासारखं काही उरलं नाही. उस्ताद तर केव्हाच गेले. गेल्या महिन्यात मी तांड्यावर जाऊन त्या नातवाला सगळं सांगितलं. तोही आता नातवंडांचा आजा आहे.

"आज्याले मालूम होतं, तुमी पोरायले काय सांगता ते," तो म्हणाला. "तरी त्यानंच मले तुमच्यापाशी धाडलं. म्हने, तो मानूस भेते, अन् भेव चांगलं. त्याच्या हाताखाली शिक."

त्यानंच सांगितलं, बाकीच्यांनाही कळू द्या. म्हणून हे लिहिलं. त्या दुपारी लाकूड लावलेलं होतं. उस्तादांनी ते पायानं दाबून पाहिलं होतं. गाडी मी चालवत होतो.