मी वाचायचे, तो टाइप करायचा

"ही कॉन्व्हेंटवाली आहे, ही वाचेल. तू टाइप कर."

सर हे मला म्हणाले नव्हते. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला म्हणाले होते, माझ्या डोक्यावरून, कपाटातली वस्तू दाखवावी तसं. तो मुलगा की-बोर्डसमोरच्या खुर्चीत बसला आणि मी त्याच्या बाजूच्या स्टुलावर. कोर्स संपेपर्यंत ही बसण्याची पद्धत बदलली नाही.

आमचा कॉम्प्युटर क्लास डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि पोटमाळा रिकामा असलेल्या प्रत्येकाला क्लास काढायचा होता. धूळ येऊ नये म्हणून आमच्या चपला बाहेर काढून घेत. खिडकीतून पीठ यायचं, त्याला कोणी बाहेर थांबवत नसे.

कोपऱ्यातल्या एका मशीनवर सरांनी विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून. त्यात माऊसचं काम नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कमांड लिहायची, एंटर मारायचं, मशीन उत्तर देणार. कमांड एका इंग्रजी पुस्तकात होत्या. पुस्तक माझ्या मांडीवर असायचं.

"सी डी, स्पेस, स्लॅश होम," मी वाचायचे.

तो दोन बोटांनी ठोकायचा. "पुढे?"

"एल एस, स्पेस, मायनस एल."

"पुढे?"

सीडी म्हणजे एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाणं, एलएस म्हणजे तिथे काय काय आहे ते बघणं, हे त्याने कधी विचारलं नाही. स्क्रीनवर काय उत्तर आलं तेही तो बघत नसे. त्याचं लक्ष बोटांवर, सरांचं लक्ष त्याच्या बोटांवर. एंटर जोरात वाजलं की सर म्हणायचे, "हात बसलाय याचा." आणि काही चुकलं की, "अगं, नीट वाचत जा ना." त्याचं टाइपिंग चुकलं तरी वाचन माझं चुकायचं. मी गप्प राहायचे. शाळेत मराठी बोललं की दंड होता, घरी इंग्रजी बोललं की चिडवायचे, त्यामुळे गप्प राहण्याचा माझा सराव चांगला होता. गप्प माणसाला मठ्ठ समजतात, आणि मग त्याच्यासमोर काहीही बोलतात. मला ते सोयीचं वाटायचं.

लिनक्समध्ये प्रत्येकाला वेगळं नाव घेऊन आत जाता येतं, म्हणजे कोणी दुसऱ्याचं काही बिघडवू शकत नाही. सरांना हे पटत नसे. "आपण काय साधे युजर आहोत का?" असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला रूट म्हणून, म्हणजे मशीनचा मालक म्हणून, आत जायला शिकवलं. मालकाला मशीन कशालाही नाही म्हणत नाही. हा मान सगळ्यांना फार आवडला. फाइल पुसायची कमांड आरएम. तिला 'एफ' जोडला की मशीन 'खरंच पुसू का?' असं विचारत नाही. सर नेहमी एफ जोडायला लावायचे. "मशीनने आपल्याला प्रश्न विचारायचे नसतात," ते म्हणायचे. वर्गात विद्यार्थ्यांबाबतही त्यांचं तेच धोरण होतं.

कुठलीही कमांड कशी चालते ते सांगणारी पानं मशीनमध्येच असतात. मॅन, म्हणजे मॅन्युअल, असं लिहून पुढे कमांडचं नाव द्यायचं. सरांनी सांगून टाकलं होतं, "ज्याला येत नाही तो मॅन बघतो." म्हणून मी बघायचे. माझा जोडीदार वडापाव खायला खाली गेला की खुर्ची रिकामी व्हायची, आणि तेवढ्या वेळात मी वाचायचे, स्वतः टाइप करून बघायचे, आणि त्याची पावलं जिन्यावर वाजली की स्टुलावर परत. माझं काम मी रोज फ्लॉपीवर उतरवून घ्यायचे. बाकी सगळ्यांचं, सरांचं धरून, त्या मशीनवरच एका होम फोल्डरमध्ये पडलेलं असे.

मग कल्याणला नवी शाखा निघायचं ठरलं. तिथे शिकवायला एक जण हवा होता आणि फोन घ्यायला एक. सरांनी वाटणी आधीच करून टाकलेली.

"हा शिकवेल, ही फोन घेईल. इंग्लिश चांगलंय, आणि बोलते कमी," ते दारातच कोणाला तरी सांगत होते. मी चपला घालत होते.

मला शिकवायचं होतं. हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते.

नौपाड्याहून मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, बघायला आले त्या दिवशी खुर्च्या पुसल्या होत्या आणि गिरणीवाल्याला तासभर गिरणी बंद ठेवायची विनंती केली होती. दाखवायचं इतकंच होतं: होममध्ये जायचं, तिथून जुन्या बॅचच्या फोल्डरमध्ये शिरायचं, आतलं सगळं पुसून जागा मोकळी करायची.

मी वाचलं, त्याने टाइप केलं. होममध्ये पोचलो. मग जुन्या बॅचच्या फोल्डरची कमांड. एंटर.

मशीनने सरळ लिहिलं की असा फोल्डर इथे नाही. तो सरांनीच आदल्या दिवशी दुसरीकडे हलवला होता. मी मागे उभी राहून बघितलं होतं. आम्ही अजून होममध्येच होतो. ते वाक्य स्क्रीनवर होतं, पांढरं, स्वच्छ. तीन पुरुष त्याच्यासमोर होते आणि एकानेही ते वाचलं नाही.

"सांग ना गं पुढचं," सर म्हणाले.

मी पुस्तक मिटलं.

"राहू दे, मला येतंय," तो मोठ्या सरांकडे बघून हसला आणि टाइप करू लागला. आर एम. मायनस आर एफ, म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, न विचारता. स्टार, म्हणजे समोर असेल ते सगळं.

"पाठ आहे त्याला," सर कौतुकाने म्हणाले.

माझी फ्लॉपी पर्समध्ये होती. मी तशीच बसून राहिले असते तर सगळ्या वर्गाचं आणि सरांचं वर्षभराचं काम एका एंटरमध्ये गेलं असतं, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं. पण मग सर काय म्हणणार तेही मला पाठ होतं. हिने नीट वाचलं नाही. मोठे सर मान डोलावणार, आणि कल्याणला जन्मभर मी फोन उचलणार.

त्याने एंटरसाठी बोट उचललं. त्याला ते उंचावरून मारायची सवय होती. मी की-बोर्ड त्याच्या हाताखालून ओढून घेतला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, बहुतेक पहिल्यांदाच.

"अगं, काय करतेस?" सर म्हणाले.

"फोल्डर सापडला नाही असं लिहिलंय समोर. हे दाबलं असतं तर तुमच्यासकट सगळ्यांचं काम गेलं असतं," मी म्हणाले. "मी आता वाचणार नाही, सर. तो वाचेल. त्याला स्टुलावर बसवा."