फ्लेक्सची मागची बाजू

धायरीत वाढदिवस फक्त पुरुषांनाच असतात, असं वैष्णवीला लहानपणी खरोखर वाटायचं. चौकात, वळणावर, विजेच्या खांबावर, जिकडं बघावं तिकडं गॉगल लावलेले, गळ्यात साखळ्या घातलेले पुरुष हात जोडून उभे. खाली शुभेच्छुक म्हणून आणखी पुरुष. तिचे चुलते आप्पासाहेब दर डिसेंबरात चौकात झळकायचे. वाढदिवस उलटला की फ्लेक्स उतरून घरी यायचा आणि गळती थांबावी म्हणून गोठ्याच्या छपराखाली ताणला जायचा. म्हशींनी मान वर केली की त्यांना आप्पाच दिसायचे.

पुढं जमीन बिल्डरकडं गेली, म्हशी विकल्या, गोठा रिकामा पडला. वैष्णवी शाळेत असतानाच तिचे वडील वारले होते. तेव्हापासून ती आणि तिची आई आप्पांच्याच घरात राहत होत्या. बारावीनंतर तिनं चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "रांगोळ्या काढाय कॉलेज लागतं व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांची गुंडाळी काखेत मारून ती बस स्टॉपवर उभी राहिली.

शेवटच्या वर्षाला विषय ज्यानं त्यानं निवडायचा होता. बाकीची मुलं कॅनव्हास ताणून कामाला लागली. वैष्णवीचं मात्र काही केल्या जमेना. तिनं घरातल्या जुन्या फोटोंवर माती चोळली, त्यांना सुईदोऱ्यानं टाके घातले, एक फोटो तर हळदीच्या पाण्यात भिजवून ठेवला. तिचे मार्गदर्शक आमोद सर शनिवार पेठेत वाढलेले, शब्द काटकसरीनं वापरायचे. तो पिवळा फोटो दोन बोटांत धरून ते म्हणाले, "याला कावीळ झालीय की लग्न ठरलंय?" वर्ग हसला. वैष्णवीही हसली, आणि घरी जाऊन तिनं तसलेच आणखी फोटो भिजत घातले.

वाट सापडली ती गोठ्यात. आप्पांनी छपरावर नवे पत्रे घातले तेव्हा जुने फ्लेक्स ओढून खाली टाकले, स्वतःचे आणि चौकातून आणलेले इतरांचेही. त्यातला एक उलटा पडला होता. मागची बाजू कोरी, पांढरी, धुरानं आणि शेणाच्या धुळीनं जराशी पिवळटलेली. वैष्णवी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं सगळा ढीग झाडूनपुसून आपल्या खोलीत नेला.

फोटोची झेरॉक्स काढायची, ती फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर ॲक्रिलिकच्या लेपात पालथी चिकटवायची, कडक वाळू द्यायची आणि ओल्या बोटांनी वरचा कागद चोळून चोळून काढायचा. कागद जातो, शाई राहते. चोळता चोळता तिच्या बोटांची सालं निघाली. चेहरे उमटायचे ते तडे गेलेले, कुणाचा गाल उडालेला, कुणाची भुवई अर्धीच. पण त्या चेहऱ्यांकडं बघून पहिल्यांदाच तिला वाटलं, हे माझं काम आहे.

पहिला फोटो तिनं काकीचा काढला. काकी म्हणजे बायडाबाई, आप्पांची बायको.

"कुणाचा वाढदिवस हाय?" काकीनं विचारलं.

"तुझा."

"माझा कवा असतो, मलाच ठावं न्हाय."

"मग आजचा धर."

काकीनं पदर सारखा केला, गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. आठवड्यानं फ्लेक्सवर उमटलेला आपला चेहरा बघून ती म्हणाली, "माझी नाकातली चमकी उजवीकडं कशी गेली गं?" पालथा चिकटवलेला फोटो आरशातल्यासारखा उलटा उमटतो, हे वैष्णवीच्या ध्यानातच आलं नव्हतं. "पुन्हा करते," ती म्हणाली. काकी फ्लेक्सजवळ गेली, लांबून बघितलं, पुन्हा जवळ गेली. "असू दे. तिकडं बी बरी दिसतीया."

मग आळीतल्या बाया तयार झाल्या. भाजीवाली, अंगणवाडीच्या बाई, शिलाईकाम करणारी, सोसायट्यांत पोळ्या करायला जाणारी. दोघींनी नवऱ्यांना विचारलं आणि नंतर माघार घेतली. वैष्णवीच्या आईनं तर सुरुवातीलाच नाही म्हणून सांगितलं.

"त्यांच्या घरात राहतो आपण. तुला कळत कसं न्हाय?"

"कळतं की. म्हणून तर करतेय."

"मग तू कर. माझा फोटो नको."

वैष्णवीनं आग्रह केला नाही. आईसाठी बाजूला काढलेला फ्लेक्स तिनं पुसून तसाच कोरा ठेवला.

परीक्षेच्या आधी कॉलेजच्या गॅलरीत तिनं सगळे फ्लेक्स छताला टांगले, इतके जवळजवळ की मधून जाणाऱ्याला खांदा घासूनच जावं लागेल. एका बाजूनं गेलं की हात जोडलेले पुरुष, वळून परत आलं की बाया. प्राचार्या बाई एक फेरी मारून थांबल्या. समोरच्या फ्लेक्सवर आप्पांच्या डोक्यावर परिसरातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा होता.

"काम छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त हे भिंतीला लावून टाक. बायकांची बाजू दिसली म्हणजे झालं. ती दुसरी बाजू कशाला?"

"दोन्ही बाजू मिळून काम आहे, मॅडम."

"उद्या कुणी फोटो काढून व्हायरल केला, की त्यांची माणसं इथं येतील. तू नसशील, मी असेन."

"मी असेन की."

"भिंतीला लाव, नाहीतर उतरव."

"घरी, गोठ्यात लावते," म्हणत वैष्णवी स्टुलावर चढली आणि फ्लेक्स उतरवायला लागली. आमोद सर दारात उभे होते. "परीक्षक धायरीला येत नसतात," ते म्हणाले.

"मग न बघता नापास करू देत. तसं लिहून द्या म्हणावं."

सर आत आले. मग त्यांनी स्टूल धरलं. "पडलीस तर तेही माझ्याच अंगावर येईल," एवढंच बोलले.

टेम्पो करून तिनं सगळं घरी आणलं आणि गोठ्यातच टांगलं. काम संपतंय तोच आप्पा आले. दोन फ्लेक्सच्या मधून चालत गेले आणि स्वतःच्या सगळ्यात मोठ्या चेहऱ्यासमोर थांबले.

"वैष्णे, माझं तोंड गोठ्यात टांगलंस?"

"इतकी वर्षं इथंच होतं की, आप्पा."

"तवा छपराला होतं. काढ ते."

"नाही काढणार."

या घरात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. आप्पांनी मागं उभ्या असलेल्या काकीकडं बघितलं, वैष्णवीच्या आईकडं बघितलं. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी कोपऱ्यातला विळा उचलला आणि फ्लेक्सवरचा आपला चेहरा गोल कापून काढला. तो तुकडा घडी करून काखेत घातला आणि निघून गेले. त्या गोलाबरोबर मागच्या बाजूची काकीही गेली होती. हनुवटी, ओठ, चमकी, एक डोळा. उरला एक डोळा, कपाळ आणि कमरेवरचे हात.

वैष्णवीनं कॅमेरा आणला. त्या भोकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. आई सुईदोरा घेऊन आली. "पांढरं कापड लावून शिवते. कळायचं न्हाय."

"कळू दे," वैष्णवी म्हणाली.

काकी भोकाजवळ गेली, त्यातून पलीकडं बघितलं. "नवा करणारेस का माझा?"

"तू म्हणत असशील तर करते. पण मला हाच ठेवायचाय."

"ठेव मग," काकी म्हणाली आणि विळा जागेवर ठेवून आत गेली.

परीक्षक आल्या. आमोद सरच त्यांना गाडीतून घेऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, "पत्ता इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं, दोनदाच चुकलो." बाई वयस्क, कडक, हातात फाईल. फ्लेक्सच्या मधून अंग चोरत त्या सावकाश फिरल्या.

"हे भोक तुम्ही पाडलंत?"

"पाडलं चुलत्यांनी. ठेवलं मी."

"आणि हा कोरा?"

"ही आई. ती नाही म्हणाली."

गोठ्याच्या दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. ट्रे खाटेवर ठेवला, पदरानं हात पुसले आणि घरात गेली.

"कामात राग फार आहे," परीक्षक म्हणाल्या.

"हो, आहे," वैष्णवी म्हणाली. त्यापुढं 'पण' म्हणावं असं तिला वाटलं नाही.

गुण यथातथाच पडले. पास झाली एवढंच. फ्लेक्स मात्र तिनं उतरवले नाहीत. कामं आटोपून आळीतल्या बाया बघायला येऊ लागल्या. आधी स्वतःला शोधायच्या, मग वळसा घालून आपल्या मागं कोण आहे ते बघायच्या. "माझ्या पाठीला माजी सरपंच हाय गं," भाजीवाली म्हणाली आणि हसता हसता खाली बसली. माघार घेतलेल्या दोघींपैकी एक आली, सगळं बघून गेली.

कुणाच्या तरी मोबाईलवरून गोठ्याचा व्हिडिओ फिरला. मग प्राचार्या बाईंचा फोन आला. वार्षिक प्रदर्शनात हे काम हवं होतं. "फक्त ती एक बाजू..."

"मॅडम, दोन्ही बाजूंनी चालायला जागा असेल तर आणते," वैष्णवी म्हणाली. बाईंनी बघते म्हणून सांगितलं. पुन्हा फोन आला नाही, आणि तिनंही केला नाही.

आप्पा तिच्याशी अजून बोलत नाहीत. जेवताना तिच्या पुढ्यातलं मीठ हवं असलं तरी काकीला सांगतात. काकी ऐकलं न ऐकलं करते, मग वैष्णवीच मीठ पुढं सरकवते. घर सोडायला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर काय म्हणायचं ते तिनं ठरवून ठेवलंय. वारा सुटला की गोठ्यातले फ्लेक्स एकमेकांवर घासतात आणि त्यांचा करकर आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. आप्पांचा घास हातात थांबतो. वैष्णवी जेवत राहते.