अक्षरं त्याच जागी होती

वस्तीतल्या समाजमंदिरात कॉम्प्युटरची नवी खोली होते आहे आणि तिला माझं नाव द्यायचं ठरलं आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या समितीने स्मरणिकेसाठी माझ्यावर एक लेखही तयार केला. मथळा होता, ‘वस्तीत कॉम्प्युटर नेणारे सर’. तो लेख मी परत पाठवला. नाव देण्यालाही नकार कळवला. मग समितीची माणसं दोनदा घरी आली. त्यातला एक म्हणाला, “सर, तुमचा विनय आम्हाला माहीत आहे.” विनय! मला इतका राग आला की चहा न देताच मी त्यांना वाटेला लावलं.

मुलगा म्हणतो, “बाबा, कोण विचारतंय आता? शाल घ्या, नारळ घ्या, घरी या.”

मला शाल नको. लेख मी स्वतः लिहितो आहे. छापायचा तर असाच छापा, नाहीतर ती पानं कोरी सोडा.

सातपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या वर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. रस्त्याच्या एका अंगाला कंपन्यांतल्या साहेबांची कॉलनी, दुसऱ्या अंगाला नाल्याकाठची वस्ती. सकाळी सहाला पहिली बॅच बसायची. मराठी-इंग्रजी मिळून वीस मशिनं एकदम सुरू झाली की खालचा दुकानदार जिन्यात येऊन ओरडायचा, “सर, लग्न कुणाचं आहे वर? बँड तरी बरा लावा!” वस्तीतली मुलं-मुली माझ्याकडे येत, कारण टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाली की ऑफिसात खुर्ची मिळते असं त्यांच्या घरी मानलं जायचं. मीही तेच सांगायचो, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दोन कॉम्प्युटर घेतले. हॉलचा एक कोपरा काचेने बंद केला, आत एसी लावला, मशिनांवर प्लास्टिकची आवरणं घातली. चपला बाहेर. शिकवायला कॉलेजातला एक तरुण मास्तर ठेवला, कारण मला स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं. हे मी कुणाला कळू दिलं नाही. केबिनमध्ये मी कमरेवर हात ठेवून उभा राहायचो आणि मान हलवायचो.

आत कॉलनीतली मुलं बसली. बाहेर, काचेच्या या बाजूला, वस्तीतली. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आतली फीच मी अशी ठेवली होती की तो लिहायची गरज पडू नये. तरीही कॉलनीतल्या एका बापाने मला जिन्यात गाठून विचारलं, “आत फक्त आपलीच मुलं ना?” मी म्हणालो, “हो.” त्याने ‘आपली’ म्हणजे कोण ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मला ते कळलं होतं.

बाहेरच्या मुलांत एक मुलगी होती. तिची आई अंबडच्या एका कारखान्यात मोटारीच्या कॉइल गुंडाळायची. माझ्या तीस वर्षांत तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. मान खाली न घालता, मजकुरावर नजर ठेवून ती टाइप करायची, आणि तिच्या मशीनचा आवाज वीस मशिनांत वेगळा ओळखू यायचा, पत्र्यावर एकसारखा पाऊस पडावा तसा. परीक्षेला तेव्हा मशीन आपापलं न्यावं लागे. आम्ही सगळी मशिनं हातगाडीवर बांधून केंद्रावर न्यायचो. ही आपलं मशीन गाडीत ठेवू द्यायची नाही. फडक्यात गुंडाळून कडेवर घ्यायची आणि गाडीच्या मागे चालायची. “गाडीत हादरे बसतात सर,” म्हणायची. “मग ‘र’ अडकतो.”

दसऱ्याला आमच्याकडे मशिनांची पूजा असायची. आदल्या दिवशी बाहेरची मुलं ब्रश आणि रॉकेल घेऊन टाइपरायटर घासायची. त्या वर्षी केबिनची काच पुसायला मी तिला आत पाठवलं. वस्तीतलं कुणी आत गेल्याची ती पहिली वेळ, आणि तीही पुसायला. काच पुसून झाल्यावर तिने एका कीबोर्डवरचं प्लास्टिक बाजूला केलं. बटणांना हात लावला नाही. दोन्ही हात त्यांच्यावर वीतभर उंच धरले.

“सर, अक्षरं तर त्याच जागी आहेत!”

“काय?”

“ए, एस, डी, एफ. सगळी त्याच जागी आहेत. मला येतंय हे.”

बाहेरची मुलं ब्रश थांबवून बघायला लागली. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, “अगं, विमानालाही चाकं असतात. म्हणून बैलगाडी हाकणारा वैमानिक होतो का?”

सगळा हॉल हसला. माझे असे विनोद प्रसिद्ध होते. ती हसली नाही. म्हणाली, “त्याला विमानात कुणी बसू तरी दिलं का, सर?”

हसणं थांबलं. मी म्हणालो, “प्लास्टिक घाल परत.” तिने घातलं, चारही कोपरे नीट ओढून.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, त्या काळात सगळेच असे होते. नव्हते. आणि असते तरी पुढचं मी एकट्याने केलं.

दिवाळीनंतर एका कंपनीतून फोन आला. तिथल्या डिस्पॅचच्या साहेबांना माणूस हवा होता. ते म्हणाले, “सर, एक फास्ट टायपिस्ट द्या. कॉम्प्युटरचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही पंधरा दिवसांत शिकवू. मला हात पाहिजे, हात. तुमच्याकडे कुणी मुलगी आहे म्हणे?”

ती ‘कुणी मुलगी’ तिसऱ्या रांगेत बसली होती. मशीनचा आवाज फोनमध्येही जात असणार. मी तिच्याकडे बघत म्हणालो, “नाही हो, ती सोडून गेली. माझ्याकडे कॉम्प्युटर शिकलेला एक मुलगा आहे, तो पाठवतो.”

तो मुलगा कॉलनीतला. दोन बोटांनी टाइप करायचा. त्याला नोकरी मिळाली, तो ती नीट करत राहिला, त्याचा काही दोष नाही. मी असं का केलं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बाहेरची मुलगी थेट कॉम्प्युटरवर जाऊन बसली असती आणि पंधरा दिवसांत शिकली असती, तर काचेच्या आतली फी कुणी कशासाठी दिली असती? मी कॉम्प्युटर विकत नव्हतो. ती काच विकत होतो. आणि बाहेरची वीस मशिनंही मला भरलेली हवी होती, म्हणून बाहेरच्यांना मी सांगत राहिलो की टाइपरायटरला मरण नाही. माझ्या मुलाला मात्र मी त्याच वर्षी केबिनमध्ये बसवलं.

त्याच आठवड्यात तिची आई आली. पाळी संपवून सरळ आली होती, बोटांना तांब्याच्या तारेचे काप होते. दारातच उभी राहिली.

“सर, पोरीला कुठंतरी चिटकवा की. लय हुशार हाय म्हणता ना तुम्ही?”

“बघतो बाई. सध्या कुठे मागणीच नाही.”

“बरं, बघा,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मुलीने पुढे काही वर्षं कोर्टाबाहेर झाडाखाली, पत्र्याच्या टेबलावर लोकांचे अर्ज टाइप केले. मग लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात लागली आणि तिथे कॉम्प्युटर शिकली. किती दिवसांत, ते मी एकदा त्या दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, “शिकवायला कुठे लागलं सर? सकाळी बसली, संध्याकाळी पत्रिका काढून दिली.”

नवं शतक आलं तेव्हा माझ्या केबिनमधले दोन्ही कॉम्प्युटर बंद पडले होते. भंगारवाला जिना चढायला तयार नव्हता. तिला कळलं, तशी ती आली आणि म्हणाली, “मी नेऊ का?” मी म्हटलं, ने. दोन बिघडलेल्या मशिनांतून तिने एक चालू केलं. वस्तीत, वर पत्रा असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते मांडलं. एसी नव्हता. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी ठेवून तिच्यासमोर टेबलफॅन लावला होता. इंटरनेटला फोन लागायचा, तो समोरच्या वाण्याकडे होता. त्याच्याकडून गल्लीवरून तिने वायर ओढली. वाण्याचं गिऱ्हाईक फोनवर बोलायला लागलं की हिचं इंटरनेट तुटायचं, आणि मग गल्लीतून दोघांची जुंपायची. “ताई, दोन मिनिटं! सायखेड्याला फोन चालू आहे!” “काका, रेल्वेचा फॉर्म अर्ध्यात आहे, सायखेडा पळून चाललंय का?”

दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी लावली होती. ‘टायपिंग येतं? मग कॉम्प्युटर येतो. अक्षरं त्याच जागी आहेत. आत या.’ खाली बारीक अक्षरांत, ‘चपला घालून आलात तरी चालेल.’

मी ती रस्त्यावरून वाचली आणि चालण्याचा वेग वाढवला.

मी जे वर्षानुवर्षं कठीण आहे म्हणून सांगितलं, ते तिने तिथे आठ-आठ दिवसांत शिकवलं. माझ्याकडून पास होऊन घरी बसलेल्या मुली आधी आल्या, मग त्यांच्या भावजया. ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं, वकिलांचे मसुदे, कारखान्यांच्या मालाच्या याद्या असं काम ती बाहेरून आणायची आणि खोलीत बसून बायका ते करायच्या. कामाचा करार तिच्या नावावर नसायचा, जी करेल तिच्या नावावर असायचा. यावरून ती कुणाचं ऐकायची नाही. एका एजंटने मध्ये शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्याला दारातच सांगितलं म्हणे, “आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. डोकं भाड्याने दिलेलं नाही.” तीन जणींनी मिळून पिठाची गिरणी घेतली. पापड करणारी एक बाई स्वतःची लेबलं छापून गंगापूर रोडच्या दुकानांत माल ठेवू लागली. पत्रे जाऊन स्लॅब आले, आणि खोल्यांच्या कागदांवर नवऱ्याच्या शेजारी बायकोचं नाव लागलं. हे सगळं माझ्या इन्स्टिट्यूटपासून हाकेच्या अंतरावर घडलं, आणि त्याच काळात माझे टाइपरायटर किलोवर भंगारात गेले.

आणि लोक काय म्हणायला लागले? सरांनी वस्तीला कॉम्प्युटर दान दिला. ही कथा मी सुरू केली नाही, पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा गप्प बसलो. नंतर कुणी विचारलं की मी म्हणायचो, “हो, आपलं कर्तव्यच होतं.” समितीचा लेख त्या वाक्यावर उभा आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. खोलीला आता स्लॅब आहे, आठ कॉम्प्युटर आहेत. ती एका बाईच्या मागे उभी राहून काहीतरी दाखवत होती. मी तिला बाजूला बोलावलं आणि तो फोन सांगितला. कोण बोललं, काय बोललं, मी काय उत्तर दिलं, आणि त्या वेळी ती कुठे बसली होती.

मी म्हणालो, “तुझी माफी...”

“माझी नंतर. आईला काय सांगितलं होतं तुम्ही?”

“मागणी नाही म्हणून.”

“मरेपर्यंत ती म्हणायची, माझ्या पोरीचं नशीबच खोटं. दुसरं काही म्हणायची नाही.” तिने खुर्ची ओढली. “ही माफी तिला मागायची होती सर. आता तोंडी सांगून काय करू मी त्याचं? बसा. टाइप करा. सगळं.”

“मला कॉम्प्युटर येत नाही,” मी म्हणालो. ज्याची फी घेत होतो, ते येत नाही हे आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

“टायपिंग येतं ना? मराठीची बटणं टाइपरायटरच्याच पद्धतीची आहेत.”

मी बसलो. बोटं ठेवली. ‘र’ तिथेच होता. ‘त’, ‘क’, काना, वेलांटी, सगळं तिथेच. पहिली ओळ संपली तशी सवयीने डावा हात वर गेला आणि हवेत फिरला. मागच्या मुली फिसकन हसल्या. “आजोबा, माश्या मारताय का?”

“हसू नका गं,” ती म्हणाली. “ओळ बदलायला टाइपरायटरचं कॅरेज सरकवतायत. सर, ओळ आपोआप खाली येते. तुम्ही फक्त थांबू नका.”

मी तीन दुपारी जाऊन हे टाइप केलं. काल तिने सगळं वाचलं. एक ओळही गाळू दिली नाही, स्वतःला दुखणारीसुद्धा. समाजमंदिरातल्या खोलीला तिचं नाव द्यावं असं मी लिहिलं होतं, ते मात्र तिने खोडायला लावलं. “माझं नको, तुमचं तर नकोच. पाटीवरचं आहे तेच वाक्य घाला.” समितीने ते घालावं. आणि शाल माझ्यासाठी आणू नये, मी कार्यक्रमाला येणार आहे तो हे वाचून दाखवायला.

माफीचं मी पुन्हा विचारलं नाही. विचारणार होतो, पण दारात पुढची बॅच येऊन उभी होती. पुढे एक बाई, कोपरापर्यंत पीठ, गिरणीवरून तशीच आलेली.

“सर, उठा,” ती म्हणाली. “ह्यांना बसू द्या.”