मी बंद केलेला एसी

पत्रकं लिहिणाऱ्याला चूक नेहमी समोरच्याची दिसते. माझी मला दिसली ती जालन्यात, एका प्रयोगशाळेत, ऐन मे महिन्यात.

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाशेजारी एका कारखान्याचं सांडपाण्याचं तळं होतं. ते विहिरींत झिरपतं, असं आम्ही पत्रकांतून ओरडायचो. कारखाना म्हणायचा, पुरावा द्या. पाण्याच्या कणांतही काही हलके, काही जड असतात; उघड्या तळ्यातलं हलकं पाणी उन्हानं आधी उडून जातं, जड मागं राहतं. तेच जडपण विहिरीत सापडलं की पुरावा झाला. फरक इतका बारीक की जालन्याच्या प्रयोगशाळेतल्या एका मशीनलाच कळायचा. आमच्या तक्रारीवर सोमवारी सुनावणी होती.

मशीनवरच्या मॅडम आमच्यासाठी रविवारी, सुट्टीच्या दिवशी आल्या. तळ्याच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या मशीनला लावल्या, कशाला हात लावू नका म्हणाल्या आणि जेवायला घरी गेल्या.

मी एकटाच बसलो. गावात दिवसदिवस लाईट नाही, आणि इथं एका लोखंडी पेटीसाठी अंगावर काटा येईस्तोवर गारवा. चीड आली. एसी म्हणजे काही मशीन नाही, असं म्हणत मी तो बंद केला, खिडकी उघडली.

मॅडम परतल्या. आकडा आधीच ठाऊक असलेलं पाणी त्यांनी लावून पाहिलं, तर त्याचाही आकडा सरकलेला. खोली तापली की मशीनच्या आतलं सगळं हलतं, म्हणाल्या. मी लाईटवरचं भाषण सुरू केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

"बराबर आहे भाऊ तुमचं. पण ह्या आकड्यांवर मी सही करणार न्हाई."

खोली पुन्हा गार होऊन मशीन थाऱ्यावर यायला उद्या उजाडणार, आणि उद्यापासून दोन महिने मशीन दुसऱ्या कामाला.

गावात चहाच्या टपरीवर सगळे थांबले होते. रिपोर्ट नाही म्हटल्यावर पोरांनी तिथंच पत्रक जुळवलं. मथळा, 'विकली गेलेली प्रयोगशाळा'. धाटणी माझीच.

"एसी मी बंद केला," मी म्हणालो.

"गार वारं बी सोसंना का रं तुला?" कोणीतरी बोललं. थोडा हशा झाला. मग एकेक जण उठून गेला.

तळ्याला लागून ज्यांची विहीर, ते म्हातारबा तेवढे उरले.

"ते जाऊ दे. मंग पाणी प्यावं का न्हाई, एवढं सांग."

माहीत नाही, म्हणालो. हे दोन शब्द मी तोवर कोणत्याच पत्रकात लिहिले नव्हते. त्यांनी मान हलवली, कप खाली ठेवला आणि घराकडं निघाले.