एकोणसाठ, सदुसष्ट, बावीस

सुधीर इंगवले सत्तावन्न वर्षांचा गडी, मूळचा गडहिंग्लजचा. ब्राउनश्वाइगला लागून असलेल्या एका खेड्यात त्याचं घर, आणि गाड्यांचे ब्रेक तपासायच्या लॅबमध्ये एकवीस वर्षांची नोकरी. ब्रेक तापवायचा, दाबायचा, पुन्हा तापवायचा, आणि तो कितव्यांदा दमतो ते लिहायचं. दिवसभर दुसऱ्याचं दमणं मोजून संध्याकाळी हा स्वतः दमून घरी यायचा. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच. जुन्या दुनळी बंदुका.

हा नाद त्याला झूल गावात लागला. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवरची नव्हे, बंदुका घडवणाऱ्यांचं थ्युरिंगेनमधलं जुनं गाव. ऑफिसच्या सहलीत एका म्हाताऱ्या कारागिरानं शंभर वर्षांच्या बंदुकीचा खटका त्याच्यासमोर उघडला. आत एक पट्टीची स्प्रिंग, एक घोडा, एक खिट्टी. वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. काय कशाला ढकलतं ते नुसतं बघून कळत होतं. सुधीर त्या दिवशी जेवायचा राहिला. पुढं त्यानं परीक्षा दिली, कागद जमवले, संग्राहकाचं लाल कार्ड मिळवलं आणि अकरा वर्षांत आठ बंदुका घरात आणल्या. उडवली एकही नाही. रविवारी तेलाचा बोळा फिरवायचा, खटका उघडून बघायचा, परत ठेवायचा.

"आठ सवती आहेत मला," त्याची बायको ऊर्मिला पाहुण्यांना सांगायची. "पण सगळ्या शंभरीच्या पुढच्या. मी कशाला भितो?"

ऊर्मिला खास कोल्हापूरची. 'मी येतो, मी जातो' हे तिचं बोलणं अठ्ठावीस वर्षांच्या जर्मनीनंही मोडलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं. भांडण व्हायचं ते घर तापवणारं हाइत्सुंग किती वर ठेवायचं यावरून, आणि तेही नोव्हेंबर ते मार्च. बाकी या घरात एकमेकांपासून लपवलेलं काही नव्हतं. एक सोडून.

बंदुका खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, लोखंडी तिजोरीत. तिजोरीला सहा आकड्यांचं कुलूप, आणि कायदा असा की ते आकडे कार्डवाल्यापलीकडे कुणालाही माहीत असता कामा नयेत. परीक्षा घेणाऱ्याला सुधीरनं विचारलं होतं, "बायकोलाही नाही?" तो म्हणाला होता, "बायकोला तर नाहीच. आम्ही घरी येऊन बघतो, न सांगता."

सुधीरला ते मनाला लागलं. घरी येऊन त्यानं ऊर्मिलाला सांगितलं, "एवढी एकच गोष्ट तुझ्यापासून लपवायला लागणार बघ."

"लपवा की," ती म्हणाली. "मला काय तिथं पापड ठेवायचेत?"

आता सुधीरची खोड अशी, की आकडे दाबताना तो ते तोंडानं म्हणायचा. शाळेत पाढे म्हणावेत तसा, खणखणीत, मराठीतून. एकोणसाठ. सदुसष्ट. बावीस. जर्मनीच्या पोटात, जमिनीखाली, मराठी आकडे कोण समजणार? मुलगी इरा इथंच जन्मलेली. तिला मराठी मोजता येतं ते वीसपर्यंत. एकोणसाठ म्हटलं की ती "वास?", म्हणजे जर्मनमध्ये "काय?", असं विचारते. त्या गावात एकोणसाठ म्हणजे किती हे कळणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते बरोबर डोक्यावर, स्वयंपाकघरात उभं असायचं. केलरची हवा वर काढणाऱ्या पाइपाचं तोंड ओट्याशेजारी होतं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या कानावर ते आकडे पडले. ती दचकली. दुसऱ्या वेळी तो जिना उतरायला लागला तशी तिनं मिक्सर लावला. तेव्हापासून तो खाली गेला की वर मिक्सर. दाण्याची चटणी, जवसाची चटणी, काही नसलं तर नुसती साखर दळायची. या घरात एवढ्या चटण्या का होतात, हे सुधीरला कधी कळलं नाही. पण एकदा कानात गेलेलं बाहेर कसं काढायचं? अकरा वर्षं ती ते आकडे डोक्यात घेऊन फिरली आणि नवऱ्याला काही म्हणाली नाही. सांगितलं तर त्याला नंबर बदलावा लागेल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला वाटेल आपण चुकलो.

दरवर्षी खंडेनवमीला तो स्वतः बंदुका वर आणायचा. चादरीवर मांडायच्या, त्याच्या देखत तिनं हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, आणि लगेच सगळं खाली. दुसऱ्या रविवारी तो ते कुंकू पुसून टाकायचा, लाकडाला डाग पडतो म्हणून.

या वर्षी त्याच्या कण्याचं ऑपरेशन झालं. उजवं पाऊल हलेना. हलेल, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाला. सतरा सप्टेंबरला त्याला चार आठवड्यांसाठी हार्त्सच्या डोंगरात, पुन्हा चालायला शिकवणाऱ्या रेहा-क्लिनिकमध्ये पाठवलं. नवमीच्या आदल्या दिवशी त्यानं फोनवर सांगितलं, "यंदा राहू दे पूजेचं."

"हं," ती म्हणाली.

नवमीला तिनं विळीची पूजा केली, शिलाई मशीनची केली, गाडीच्या चावीला कुंकू लावलं. मग ओट्यापाशी उभी राहिली. नेमकं याच वर्षी राहू द्यायचं? शेवटी ती खाली उतरली आणि तिनं सहा आकडे दाबले. बंदूक एकही बाहेर काढली नाही. आतल्या आत आठ दस्त्यांना कुंकवाची आठ बोटं टेकवली, नमस्कार केला, दार लावलं.

पाच दिवसांनी वाफेनबेहोर्डेची, म्हणजे शस्त्रपरवाने देणाऱ्या खात्याची, माणसं दारात. फ्राऊ लोरेन्त्स नावाची मऊ बोलणारी बाई आणि तिचा सहकारी. ऊर्मिलानं सांगितलं, नवरा सतरा तारखेपासून रेहाला आहे, तिजोरी त्यांच्याशिवाय उघडत नाही. बाईनं वहीत टिपून घेतलं, पाठ लवकर बरी होवो म्हणाली आणि गेली.

सुधीर काठी टेकत घरी आला. केलरचा जिना त्याला दहा दिवस जमला नाही. जमला त्याच दिवशी सकाळी बेल वाजली. लोरेन्त्सबाई. तो एकेक पायरी मोजत खाली उतरला, तिजोरी उघडली. बाईनं बंदुकांवरचे नंबर ताडून बघितले, सगळं बरोबर होतं. मग ती वाकली.

"हा गंज आहे का?"

"नाही," सुधीर म्हणाला. अशा प्रश्नानं तो खुलायचा. "हे कुंकू. वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो."

"छान. केव्हा असते?"

"तिथीवर असते. यंदा एक ऑक्टोबरला होती."

ब्रेक कितव्यांदा दमला हे आकड्यात सांगायची एकवीस वर्षांची सवय. तारीख तोंडातून गेली आणि मग त्याला ऐकू आली. बाईनं वहीचं मागचं पान उलटलं. तिथं सतरा सप्टेंबर लिहिलेलं होतं.

"फ्राऊ इंगवले," ती जिन्यात उभ्या असलेल्या ऊर्मिलाकडे वळली, "मला विचारणं भाग आहे. तुम्हाला नंबर माहीत आहे?"

"मीच सांगितला तिला," सुधीर मध्येच म्हणाला.

"यांनी नाही सांगितला," ऊर्मिला म्हणाली. "मी ऐकला. वरून, पाइपातून. यांना ठाऊकच नाही."

"ती मला वाचवायला बोलतेय."

"हे मला वाचवायला बोलतायत."

बाईनं पेन थांबवलं, दोघांकडे बघितलं, आणि दोन्ही लिहून घेतलं.

ती गेल्यावर सुधीर ओट्यापाशी खुर्चीत बसला. ऊर्मिलानं सगळं सांगितलं. अकरा वर्षांचं, मिक्सरसकट.

"साखर दळत होतीस?" त्यानं विचारलं.

"मग काय करू? तुम्हाला हळू म्हणता येत नव्हतं."

"आणि यंदा उघडायची काय नड होती?"

"तुमचं पाऊल हलत नव्हतं."

तो काठीच्या टोकानं ते पाऊल चाचपत बसला.

महिन्याभरानं पत्र आलं. सांभाळण्यात हयगय झाली, आता विश्वास ठेवता येत नाही, कार्ड रद्द करायचा विचार आहे, म्हणणं असेल तर मांडा. वकील म्हणाला, वाट आहे. नंबर तुम्ही सांगितला हे मागं घ्या. बायको लपून ऐकायची, तुमच्या नकळत तिजोरी उघडायची, असं तिनं लिहून सही करून द्यायचं. मग दोष तुमचा कमी ठरेल.

"देतो की लिहून," ऊर्मिला परतताना गाडी चालवत म्हणाली. "खरंच आहे ते."

"खरं तू कान झाकत होतीस ते बी हाय. ते कोण लिहून घेतंय? तेवढं सोडून बाकीचं फाइलीत पडणार."

"पडू दे. मला कोण ओळखतंय तिथं?"

"मी ओळखतो."

"अहो, आठ बंदुका जातील."

"जातील."

"लढा जरा."

"पाठीत दोन स्क्रू हायेत माझ्या, ऊर्मिले. लढायचं म्हटलं तर लढीन. पण तुला चोर म्हणून न्हाई."

घराजवळच्या सिग्नलला हिरवा लागला तरी गाडी उभीच होती, मागच्यानं हॉर्न दिला.

कार्ड रद्द झालं, आणि फेब्रुवारीत बंदुका न्यायला झूलचा व्यापारी आला. त्याच्याकडे परवाना होता, मोठी गाडी होती. सुधीरला वजन उचलायची मनाई, म्हणून व्यापाऱ्यानं एकट्यानं आठ खेपा केल्या. सुधीर केलरमध्ये स्टुलावर बसून यादीवर खुणा करत होता. सहाव्या बंदुकीला त्यानं हात वर करून थांबवलं, खटक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हिला उन्हाळ्यात जरा कमी तेल." व्यापाऱ्यानं मान डोलावली. त्यालाही अशी गिऱ्हाइकं ठाऊक असावीत.

गाडी गेल्यावर ऊर्मिला खाली आली. तिजोरीचं दार उघडंच होतं. ती पायरीवर बसली.

"राग आहे?"

"हाय."

"माझ्यावर?"

त्यानं यादीची घडी घातली, परत उलगडली.

"तुझ्यावर बी हाय थोडा. जाईल."

"कधी?"

"आता ते काय सांगू? रोज विचारू नको."

"बरं," ती म्हणाली. "आठवड्यानं विचारतो."